हिमऋतूतील पाहुणे आणि परसातील दाणापाणी

डिसेंबर १९६२ च्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडवर जे हिम पसरले, ते अनेक भागांत मार्च १९६३ उजाडेपर्यंत वितळले नाही. १७४० नंतर इतका कडक हिवाळा त्या देशाने पाहिला नव्हता. नद्यानाले गोठले, तळ्यांवर बर्फाचे जाड थर साचले, शेतजमीन दगडासारखी टणक झाली. माणसांनी घराची दारे लावून घेतली आणि शेकोट्या पेटवल्या. परंतु ज्यांना दार नाही आणि शेकोटीही नाही, अशा पाखरांचे काय झाले? वसंतात पक्षिनिरीक्षकांनी गणती केली तेव्हा रेन नावाचा तपकिरी, दहा ग्रॅमसुद्धा वजन न भरणारा इवलासा पक्षी सुमारे तीन चतुर्थांशांनी घटल्याचे आढळले. गोठलेल्या पाण्यात मासा मिळेनासा झाल्याने तिकडील खंड्या पक्ष्यांचाही मोठा संहार झाला.

त्या हिवाळ्यात असंख्य घरांच्या परसात दाणे, चरबीचे तुकडे आणि पाण्याची भांडी ठेवली गेली होती. थंड प्रदेशांत परसातील पक्ष्यांना हिवाळ्यात अन्न देण्याची चाल जुनी आहे. ती निव्वळ करुणेतून निर्माण झाली. परंतु गेल्या शतकभरात तिला शास्त्राची जोड मिळाली आणि अलीकडे तर या भूतदयेच्या मर्यादाही स्पष्ट होऊ लागल्या आहेत. या चालीचा इतिहास, तिच्यामागील निसर्गनियम आणि तिच्यातून निर्माण झालेले प्रश्न आपल्याकडील वाचकांसही उद्बोधक वाटतील. कारण या दाण्याचा एक धागा थेट सह्याद्रीच्या डोंगरउतारापर्यंत येऊन पोहोचतो.

रात्र मोठी, दिवस लहान

हिवाळ्यात पक्षी मरतो तो केवळ थंडीने नव्हे, तर थंडी आणि उपासमार यांच्या संयोगाने. पक्षी उष्ण रक्ताचे प्राणी होत. त्यांच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा अधिक, म्हणजे सुमारे ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. शरीर जितके लहान, तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा आणि उष्णता निसटून जाण्याचा वेगही अधिक. ब्लू टिट हा आपल्याकडील वल्गुलीच्या कुळातील पक्षी. त्याचे वजन सुमारे ११ ग्रॅम. एवढ्या चिमुकल्या देहात उष्णता टिकवून धरायची म्हणजे सतत इंधन पुरवले पाहिजे आणि ते इंधन म्हणजे अंगातील चरबी होय.

लंडनमध्ये डिसेंबरअखेरचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. उत्तरेकडे तर त्याहूनही लहान. एवढ्या वेळात अन्न शोधायचे, पोट भरायचे आणि पुढील सोळा तासांच्या रात्रीसाठी चरबीचा साठाही करायचा. रात्रभरात हा साठा बहुतांशी जळून जातो आणि पहाटे पक्षी अक्षरशः रिकाम्या पोटी जागा होतो. त्या सकाळी हिमवृष्टी झाली आणि बिया, किडे, अळ्या बर्फाखाली गाडल्या गेल्या, तर पुढील रात्र पाहण्याची शाश्वती उरत नाही.

निसर्गाने यावर काही उपाय दिलेले आहेत. पक्षी पिसे फुलवून त्यांत हवा कोंडतो. ती हवा पांघरुणासारखी उष्णता राखते. उत्तर अमेरिकेतील चिकडी हा पक्षी रात्री आपल्या शरीराचे तापमान सुमारे दहा ते बारा अंशांनी उतरवून इंधनाची काटकसर करतो. रेन पक्षी एरवी आपापली हद्द राखून एकटे राहतात. परंतु कडाक्याच्या थंडीत ते वैर विसरतात. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात १९६९ च्या हिवाळ्यात पक्ष्यांसाठी टांगलेल्या एकाच लाकडी पेटीत ६१ रेन रात्री एकमेकांस बिलगून बसल्याची नोंद आहे. उबेसाठी आटापिटा करणाऱ्या या जीवांना परसात मूठभर सकस दाणा मिळाला, तर तो जीवनमरणाच्या तराजूत निर्णायक ठरू शकतो.

करुणेतून शास्त्राकडे

नॉर्वे आणि स्वीडनमध्ये नाताळच्या सुमारास ओट धान्याची पेंढी खांबावर किंवा छपराजवळ बांधून ती पाखरांसाठी ठेवण्याची पूर्वापार प्रथा आहे. कोकणात नवान्न पौर्णिमेला भाताच्या लोंब्यांचे नवे दारावर बांधतात आणि मग चिमण्या त्यावर झोंबतात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही प्रथा परकी वाटणार नाही.

ब्रिटनमध्ये १८९०-९१ च्या कडक हिवाळ्यात वर्तमानपत्रांनी नागरिकांना पक्ष्यांसाठी अन्न ठेवण्याचे आवाहन केले होते. पुढे १९१० मध्ये 'पंच' या प्रसिद्ध विनोदी साप्ताहिकाने पक्ष्यांना खाऊ घालणे हा राष्ट्रीय छंद असल्याचे म्हटले. जर्मनीत बॅरन हान्स फोन बेर्लेप्श यांनी थुरिंजिया भागातील आपल्या जागेत याच सुमारास पद्धतशीर प्रयोग केले. वितळलेल्या चरबीत बिया मिसळून ते मिश्रण सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांवर ओतण्याची त्यांची युक्ती पुष्कळ लोकप्रिय झाली. आज बाजारात मिळणारे चरबीचे गोळे हे तिचेच सुटसुटीत रूप म्हणता येईल.

पक्ष्यांनीही माणसाच्या या सान्निध्याचा लाभ आपल्या बुद्धीने घेतला. इंग्लंडमध्ये दुधाच्या बाटल्या पहाटे दाराशी ठेवल्या जात. त्या बाटलीचे झाकण चोचीने फाडून वरची साय खाणारे टिट पक्षी १९२१ मध्ये साउदम्प्टनजवळ प्रथम नोंदले गेले आणि पुढील दोन-तीन दशकांत ही कला देशभर पसरली. जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड या अभ्यासकांनी १९४९ मध्ये या प्रसाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राणी एकमेकांपासून नवी गोष्ट कशी उचलतात, या विषयातील तो एक मूलभूत अभ्यास गणला जातो.

पक्षिसंरक्षणासाठी १८८९ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे 'रॉयल' पदवी लाभलेल्या ब्रिटिश संस्थेने १९७९ मध्ये बालकांसाठी जानेवारीअखेर परसातील पक्षिगणनेचा उपक्रम सुरू केला. एक तास खिडकीशी बसायचे आणि आलेले पक्षी मोजायचे, एवढेच त्याचे स्वरूप. मुलांसाठी आरंभलेल्या या उपक्रमात आता दरवर्षी लक्षावधी नागरिक भाग घेतात. उत्तर अमेरिकेतही १९७६ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात आरंभलेली दाणापात्रांवरील नोंदणी १९८७ पासून खंडव्यापी झाली. अशा प्रकारे, पाखरांपुढे टाकलेला दाणा हा लोकसहभागातून ज्ञान मिळवण्याचे साधन बनला.

काय द्यावे, काय टाळावे

थंडीतील पक्ष्याला हवी असते ती उष्णता देणारी, तेलयुक्त आणि चटकन फोडता येणारी वस्तू. काळ्या सालीची सूर्यफुलाची बी या दृष्टीने उत्तम. तिची साल पातळ व गर तेलकट असतो. बिनमिठाचे, न भाजलेले शेंगदाणे हेही आवडीचे अन्न. मात्र ते जाळीच्या नळीत ठेवावे लागतात, म्हणजे पक्षी अख्खा दाणा न नेता तुकडे टिपून खातो. प्राणिज चरबी, ओट, कापलेले सफरचंद, वाळवलेल्या अळ्या यांचाही उपयोग होतो. रॉबिन व ब्लॅकबर्ड यांसारखे पक्षी जमिनीवर टिपतात, टिट पक्षी लोंबकळून खातात आणि फिंच कुळातील पक्ष्यांना बसण्यासाठी दांडी लागते. म्हणून दाणा कोणत्या उंचीवर व कशात ठेवायचा, याचाही विचार करावा लागतो.

टाळावयाच्या गोष्टींची यादीही तितकीच महत्त्वाची आहे. खारट पदार्थ पक्ष्यांना घातक ठरतात. त्यांच्या लहान देहाला अतिरिक्त मीठ बाहेर टाकता येत नाही. दुधातील शर्करा त्यांना पचत नाही. पावाने पोट भरते, परंतु पोषण फारसे होत नाही आणि थंडीत तर पोकळ पोटभरणी हीच धोक्याची. स्वयंपाकातील उरलेले पातळ तूप-तेल पिसांना चिकटले, तर पिसांची ऊब धरून ठेवण्याची शक्तीच नष्ट होते. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते पक्ष्यांस मारक आहे.

अन्नाइतकेच पाणीही आवश्यक असते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानी येत नाही. सर्वत्र बर्फ असताना प्यायला पाणी मात्र नसते. उथळ भांड्यात पाणी ठेवून त्यात एखादा हलका चेंडू सोडला, तर तो वाऱ्याने हलत राहतो आणि पाण्यावर बर्फाची साय लवकर धरत नाही. पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ किंवा रसायन घालणे सर्वथा वर्ज्य समजावे. दाणापात्राच्या जवळ आसऱ्याला झुडूप असावे. परंतु मांजराला दबा धरून झडप घालता येईल इतके ते लगत नसावे.

आणखी एक पथ्य नियमिततेचे. दाणा मिळणार या भरवशावर पक्षी थंडीतला मोलाचा वेळ खर्चून त्या परसात येतो. म्हणून ऐन हिवाळ्यात हा उपक्रम आरंभून मध्येच सोडू नये आणि टाकलेला दाणा त्याच दिवशी संपेल, इतकाच टाकावा.

उपकार की परावलंबन?

माणसाच्या हातचे खाऊन पक्षी आळशी होतील, स्वतः अन्न शोधण्याचे विसरतील, अशी शंका वारंवार घेतली जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेम्पल यांनी चिकडी पक्ष्यांवर केलेल्या अभ्यासातून या शंकेचे बरेचसे निरसन झाले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, ज्या जंगलात दाणा पुरवला होता, तेथील शेकडा ६९ पक्षी हिवाळा पार करून जगले. जेथे दाणा नव्हता, तेथे हे प्रमाण शेकडा ३७ होते. विशेष म्हणजे हा फरक मुख्यतः अतिकडाक्याच्या थंडीच्या काळातच पडला. पुढे १९९२ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, जेथे वर्षानुवर्षे दाणा मिळत होता, तेथील दाणापात्रे काढून घेतल्यावरही पक्षी नैसर्गिक अन्नावर इतरांइतकेच तगले. दाणापात्र असतानाही आपल्या दैनंदिन गरजेचा सुमारे पाचवा हिस्साच ते तेथून घेत होते. थोडक्यात, परसातला दाणा हा आधार असतो, संपूर्ण संसार नव्हे.

तथापि, चित्राला दुसरी बाजूही आहे. उत्तर आयर्लंडमध्ये हिवाळ्यात शेंगदाणे पुरवलेल्या ब्लू टिट पक्ष्यांनी वसंतात लवकर अंडी घातली आणि त्यांची सरासरी जवळजवळ एक पिल्लू अधिक जगले, असा निष्कर्ष २००८ मध्ये निघाला. उलटपक्षी, कॉर्नवॉलमधील जंगलात हिवाळ्यात केवळ चरबी पुरवली असता पुढील विणीत पिल्लांची स्थिती खालावली, असे २०१३ मध्ये आढळले. दुबळे पक्षीही अन्नामुळे हिवाळा तरून जातात आणि विणीच्या हंगामात सामील होतात, हे त्याचे एक संभाव्य कारण अभ्यासकांनी सुचवले आहे. एकाच उपायाची दोन फळे कशी निघू शकतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

दाण्याने पक्ष्यांचा भूगोलही बदलला. ब्लॅककॅप हा वटवट्या कुळातील पक्षी मध्य युरोपात वीण करतो आणि हिवाळ्यात स्पेनकडे जातो. परंतु १९६० नंतर त्यांपैकी काही पक्षी दक्षिणेऐवजी ब्रिटनकडे वळू लागले. तेथील सौम्य होत गेलेला हिवाळा आणि परसातील दाणापाणी यांनी त्यांस आधार दिला. स्थलांतराची ही नवी दिशा त्यांच्या पिढीजात गुणांतच उतरली असल्याचे जर्मन शास्त्रज्ञ पीटर बर्टहोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले.

दाण्याबरोबर येणारा रोग

या चालीपुढे आज उभा असलेला सर्वांत गंभीर प्रश्न रोगराईचा आहे. जेथे अन्न, तेथे गर्दी आणि जेथे गर्दी, तेथे संसर्ग, हा नियम माणसांच्या जत्रेस जसा लागू, तसा पक्ष्यांच्या पंगतीसही लागू आहे. कबुतरांत पूर्वीपासून आढळणारा ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी २००५ मध्ये ब्रिटनमधील फिंच पक्ष्यांत आढळला आणि पुढील वर्षी त्याची साथ पसरली. हा रोग घशात होतो. पक्ष्याला घास गिळता येत नाही, तो पिसे फुलवून दाणापात्राशीच मलूल बसून राहतो आणि त्याच्या लाळेने ओला झालेला दाणा दुसरा पक्षी उचलतो. भरल्या ताटाशी उपाशी मरावे, असा हा दैवदुर्विलास!

ग्रीनफिंच या देखण्या हिरव्या पक्ष्याला त्याचा सर्वाधिक फटका बसला. २००६ च्या सुमारास सुमारे ४३ लाख असलेली ब्रिटनमधील त्यांची संख्या २००९ पर्यंत २८ लाखांवर आली. घसरण पुढेही चालू राहिली आणि २०२१ मध्ये त्याचा समावेश सर्वाधिक चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत करावा लागला. अमेरिकेतही १९९४ पासून हाउस फिंच पक्ष्यांत डोळ्यांचा संसर्गजन्य रोग पसरला आणि २०२१ मध्ये पाइन सिस्किन पक्ष्यांतील साल्मोनेला रोगाची बाधा काही माणसांनाही झाली. तेव्हा अनेक भागांतील नागरिकांना दाणापात्रे काही काळ उतरवून ठेवण्याची सूचना देण्यात आली.

यातून जे धडे मिळाले, ते साधे परंतु कटाक्षाने पाळावयाचे आहेत. दाणापात्रे आठवड्यातून किमान एकदा घासून, जंतुनाशकाने धुऊन, पूर्ण वाळवावीत. पाणी रोज बदलावे. दाणापात्रांची जागा अधूनमधून पालटावी, म्हणजे विष्ठा एकाच ठिकाणी साचत नाही. आजारी पक्षी दिसताच काही आठवडे दाणा बंद करून पक्ष्यांना पांगू द्यावे. सपाट फळीवर दाणा पसरल्यास लाळ व विष्ठा त्यात सहज मिसळते. म्हणूनच ब्रिटनमधील उपरोक्त पक्षिसंरक्षण संस्थेने २०२५ मध्ये सपाट दाणापात्रांची आपली विक्री स्थगित केली. जिने शतकभर लोकांना पक्ष्यांस खाऊ घालण्यास शिकवले, त्याच संस्थेने पुराव्यापुढे मान तुकवून आपली रीत बदलली, ही बाब लक्षणीय होय.

कारळ्याचा दूरचा प्रवास

ब्रिटनमधील परसात १९७२ साली गोल्डफिंच हा लाल मुखाचा, पिवळ्या पंखपट्ट्याचा पक्षी क्वचितच दिसे. शंभरातील जेमतेम आठ परसांतील दाणापात्रांवर तो येई. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार चार दशकांनंतर हे प्रमाण शेकडा ८७ पर्यंत पोहोचले. त्याच्या बारीक, टोकदार चोचीला साजेसे दाणे परसात मिळू लागले, हे त्याचे एक प्रमुख कारण. अशा दाण्यांत एक बारीक, काळी, चकचकीत बी आहे. ती बी म्हणजे आपले कारळे होय.

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागांत खुरासणी या नावाने, तर अन्यत्र कारळे किंवा रामतीळ या नावाने हे तेलबियांचे पीक ओळखले जाते. हलक्या, उताराच्या जमिनीत, जेथे दुसरे नगदी पीक धरत नाही, तेथे नागली-वरईच्या सोबतीने आदिवासी शेतकरी ते घेतात. पावसाळा सरताना डोंगरउतार त्याच्या पिवळ्या फुलांनी झाकून जातात आणि मधमाश्यांना मोठी पर्वणी लाभते. इगतपुरी येथील कृषी संशोधन केंद्रात या पिकाच्या सुधारित वाणांवर काम झालेले आहे. आपल्याकडे त्याचा उपयोग मुख्यतः तेल आणि चटणी यांसाठी होतो. परंतु भारतातून निर्यात होणारे कारळे पाश्चात्य देशांत प्रामुख्याने पाखरांच्या दाण्यासाठीच जाते.

या निर्यातीत गुणवत्तेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कारळ्याच्या शेतात अमरवेल हे परोपजीवी तण वाढते आणि त्याचे बी पिकाच्या बियांत मिसळते. ते परदेशात रुजू नये, म्हणून अमेरिकेत आयात होणारे कारळे उष्णतेची प्रक्रिया करूनच स्वीकारले जाते. शिवाय तेलाचे प्रमाण अधिक असल्याने बी जुनी झाल्यास खवट होते आणि चोखंदळ गोल्डफिंच तिच्याकडे पाठ फिरवतो. स्वच्छ, तणविरहित आणि ताजा माल, या तिन्ही अटींचा आरंभ शेवटी डोंगरउतारावरील खळ्यातच होतो. आपण मळलेला दाणा सातासमुद्रापलीकडे बर्फात कुडकुडणाऱ्या पाखराच्या चोचीत पडतो, याची कल्पना तो पिकवणाऱ्यास क्वचितच असेल.

आपल्या अंगणात

महाराष्ट्रातील हिवाळा पक्ष्यांना मारक नाही. किंबहुना उत्तरेकडील थंडी टाळण्यासाठी असंख्य पक्षी आपल्याकडे येतात. त्यामुळे परदेशातील रीत जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. मुंबईच्या समुद्रात हिवाळ्यात येणाऱ्या कुरव पक्ष्यांना होडीतून शेव-गाठ्या भिरकावल्या जातात. खारट आणि तळलेले हे खाद्य त्या पाहुण्यांच्या हिताचे नाही; त्यांना समुद्र पुरेसा आहे. शहरांतील कबुतरांना पोत्यांनी दाणे टाकण्याचा प्रश्नही असाच. सार्वजनिक आरोग्याच्या कारणावरून मुंबईतील कबुतरखान्यांविरुद्ध २०२५ मध्ये कारवाई झाली आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. दयेला आरोग्याचे भान हवे, हा ग्रीनफिंचने शिकवलेला धडा येथेही लागू पडतो.

आपल्या हवामानात पक्ष्यांना खरी निकड भासते ती उन्हाळ्यात, आणि तीही प्रामुख्याने पाण्याची. सावलीत ठेवलेले मातीचे उथळ भांडे, रोज बदललेले पाणी, परसात एखादे उंबराचे, शेवग्याचे किंवा जास्वंदीचे झाड आणि कीटकनाशकांपासून मुक्त अशी थोडी जागा, एवढ्याने चिमणी, बुलबुल, दयाळ, शिंजीर यांचा मुक्काम पक्का होतो. फेब्रुवारीत होणाऱ्या परसातील पक्ष्यांच्या जागतिक गणनेत भारत २०१३ पासून सहभागी झालेला आहे. शाळा-महाविद्यालयांना तीत सहज भाग घेता येईल. त्यासाठी एक वही, पंधरा मिनिटांचा अवधी आणि पाहण्याची इच्छा, एवढेच भांडवल पुरेसे आहे.

पक्ष्याला दाणा घालणे सोपे. त्याला कोणता दाणा, केव्हा, किती आणि कसा घालावा, हे जाणून घेणे त्याहून अवघड. थंड देशांतील नागरिकांनी शतकाहून अधिक काळ हा अभ्यास केला, चुका केल्या, त्या मोजल्या आणि सुधारल्या. हिमात ठेवलेल्या मूठभर दाण्याने अनेक जीव तारले आणि अस्वच्छ दाणापात्राने अनेक जीव घेतलेही. करुणेला निरीक्षणाची आणि निरीक्षणाला शिस्तीची जोड मिळाली, तरच अंगणात उतरलेला पाहुणा सुखरूप परत जातो आणि पुढील वर्षी पुन्हा येतो.